दुसरी डिस्क, नवी कार्यप्रणाली आणि जुन्या मराठी फाइली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. त्याआधी २०२१मध्ये आलेल्या विंडोज ११ने टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर यांची अट घातली होती. त्यामुळे ठणठणीत चालणारे असंख्य संगणक एका दिवसात कालबाह्य ठरले. मराठीत लिहिणाऱ्या, संपादन करणाऱ्या आणि छपाईच्या व्यवसायातल्या मंडळींपुढचा प्रश्न मात्र नुसत्या यंत्राचा नाही. त्या संगणकात पंधरा-वीस वर्षांचे लेखन आहे, आणि त्यातले बरेचसे जुन्या कार्यप्रणालीतच नीट उघडते. जुने पुसून नवे बसवावे, तर लेखन मुके होते. जुन्यावरच राहावे, तर इंटरनेटवर जाणे धोक्याचे. या पेचातून मी माझ्या आणि काही स्नेह्यांच्या संगणकांवर वापरलेला मार्ग असा: त्याच यंत्रात दुसरी डिस्क लावायची आणि नवी कार्यप्रणाली तिच्यावर बसवायची. हा मार्ग का चालतो, हे समजून घेतले तर तो अवघड नाही.

अक्षरे अडकतात कुठे?

युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. पण पानांची जुळणी करणारी सॉफ्टवेअर तिला बराच काळ सामावून घेत नव्हती. म्हणून आपली पुस्तके, मासिके, दिवाळी अंक जुन्या फॉण्टांवरच घडत राहिले. या फॉण्टांची युक्ती साधी होती. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे: कुठे काना, कुठे वेलांटी, कुठे अर्धा 'स'. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात. फॉण्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉण्ट नाहीसा झाला, की कवितेच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उरते.

अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते, पण ते डोळे झाकून करण्यासारखे नाही. 'कि' लिहिताना जुना फॉण्ट आधी वेलांटी आणि मग 'क' साठवतो. युनिकोडमध्ये आधी 'क', मग वेलांटी. रफाराचेही तसेच: जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये 'र्' आधी. रूपांतरकाला ही अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षरांत तो चुकतो. मराठीची खास अडचण तर वेगळीच आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक एका रफाराचा, पण पहिल्यात गुरुजन आहेत आणि दुसऱ्यात स्वयंपाकी. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या रूपांतरकाला ही जाण असेलच असे नाही. म्हणून रूपांतरित मजकूर मूळ मजकुराशी ताडून पाहावा लागतो, आणि त्यासाठी मूळ मजकूर पडद्यावर जसाच्या तसा दिसायला हवा. जुनी कार्यप्रणाली, तिच्यातले फॉण्ट आणि जुळणीची सॉफ्टवेअर जिवंत ठेवायची, ती यासाठी.

कळ दाबल्यावर काय होते?

संगणक सुरू होताच मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्राम जागा होतो आणि कार्यप्रणालीची सुरुवात कुठे आहे, ते शोधतो. १९८३पासून चालत आलेल्या एमबीआर पद्धतीत ही सुरुवात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत असते: ४४६ बाइट सुरुवातीच्या सूचनांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या चार विभागांच्या तक्त्यासाठी आणि २ बाइट खुणेसाठी. नंतरच्या यूईएफआय पद्धतीत डिस्कवर एक लहानसा आरंभ-विभाग असतो. त्यात प्रत्येक कार्यप्रणालीचा आपापला फोल्डर असतो, आणि कोणाला आधी उठवायचे याची यादी मदरबोर्डच्या स्मृतीत राहते.

एकाच डिस्कचे दोन भाग करून दोन प्रणाली नांदवल्या, तर दोघींचा उंबरठा सहसा एकच असतो. एकीची मोठी दुरुस्ती झाली, की दुसरीची सुरुवात बाजूला सारली जाऊ शकते. दोन डिस्कांवर दोन स्वतंत्र आरंभ-विभाग ठेवले, तर एक डिस्क काढून घेतली तरी दुसरी चालू होते.

यात एक मेख आहे. लिनक्सचे काही इन्स्टॉलर, आपण दुसरी डिस्क निवडली तरी, आरंभाच्या फाइली पहिल्या डिस्कच्या आरंभ-विभागात ठेवतात. मग जुनी डिस्क बिघडली, की नवी प्रणालीही उठत नाही. यावर खात्रीचा उपाय एकच: बसवण्याचे काम चालू असताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवायची.

प्रत्यक्ष कृती

सर्वांत आधी जुन्या डिस्कवरच्या फाइली आणि फॉण्ट बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. मग संगणक बंद करून, वीज काढून, जुन्या डिस्कची केबल सोडवावी आणि नवी एसएसडी जोडावी. नव्या डिस्कसाठी मी उबंटू किंवा लिनक्स मिंट निवडतो. दोन्ही विनामूल्य आहेत आणि मराठी युनिकोड लेखनाची सोय त्यांत आहे. लिनक्सची प्रतिमा-फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. ती त्यासाठीच्या प्रोग्रामने लिहावी लागते. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला, की 'संपूर्ण डिस्क पुसून टाका' असा पर्याय समोर येतो. एरवी धडकी भरवणारा हा पर्याय आता निर्धोक असतो, कारण पुसण्याजोगी एकच डिस्क जोडलेली आहे.

काम संपल्यावर जुनी डिस्क पुन्हा जोडावी. सुरू होताना एफ१२, एफ११, एफ८ किंवा एस्केप (कंपनीनुसार वेगळी कळ) दाबली, की कोणत्या डिस्कवरून उठायचे ते विचारले जाते. जुनी डिस्क एमबीआर पद्धतीची असेल, तर मदरबोर्डच्या सेटिंगमधली जुन्या पद्धतीची मुभा बंद करू नये. लॅपटॉपमध्ये दुसऱ्या डिस्कला जागा आहे का, हे मात्र खरेदीआधी पाहावे.

शेजाऱ्यांचे तंटे

दोन प्रणाली एका यंत्रात आल्या, की किरकोळ कुरबुरी होतात. विंडोज मदरबोर्डवरचे घड्याळ स्थानिक वेळेचे मानते, लिनक्स ते जागतिक प्रमाणवेळेचे मानतो. त्यामुळे आपल्याकडे विंडोजमधले घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडते. लिनक्सला एका आज्ञेने स्थानिक वेळ पाळायला लावता येते. दुसरे, विंडोजची 'फास्ट स्टार्टअप' सोय संगणक पूर्ण बंद होऊ देत नाही. ती बंद केली नाही, तर लिनक्समधून जुनी डिस्क फक्त वाचता येते. तिसरे, जुनी डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी चावी केबलला हात लावण्याआधीच कागदावर उतरवून ठेवावी.

यानंतर कामाची वाटणी स्पष्ट होते. इंटरनेट, पत्रव्यवहार आणि नवे लेखन नव्या डिस्कवर. जुन्या डिस्कवर जाणे फक्त जुने वाचण्यासाठी आणि ताडण्यासाठी, तेही इंटरनेट तोडून.

एक भ्रम मात्र नको. दुसरी डिस्क म्हणजे राखीव प्रत नव्हे. जुन्या डिस्कच्या फिरत्या तबकड्या एक दिवस थांबणारच. या व्यवस्थेने आपल्याला मिळते ती मुदत, आणि ती रूपांतरासाठीच वापरायची. मी दर आठवड्याला ठरावीक पाने हातावेगळी करतो: मूळ पानाची छापील प्रत शेजारी ठेवायची, रूपांतरित मजकूर ओळीने वाचायचा, वेलांट्या आणि रफार तपासायचे. संथ काम आहे, पण ज्याने ते लेखन एकदा वाचले आहे, त्यालाच ते नीट जमते. दिवाळीच्या आवराआवरीत जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यात कोणाचे हस्तलिखित, कोणत्या अंकाची पाने आहेत, एवढे तरी उघडून पाहावे.