चार्जरच्या पाठीवरचे आकडे

आज बोलायचं आहे ते एका छोट्याशा वस्तूबद्दल. मुठीत मावते, बोर्डात बसते आणि तिच्यावाचून घरातल्या सगळ्यांचं अडतं. मोबाईलचा चार्जर. त्यातही दोन पोर्टचा, म्हणजे एकाच वेळी दोन फोनच्या केबल लावता येतात असा.

चार्जरवर एवढं काय बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही तसंच वाटायचं. पण मागे एकदा आमच्या गटाचा स्टॉल शहरातल्या प्रदर्शनात लागला. पापड, काळा मसाला, जवसाची चटणी असा माल घेऊन आम्ही चौघी गेलो. हल्ली गिऱ्हाईक रोख देत नाही, क्यूआर कोड मागतं. पैसे जमा झाल्याचा मेसेज आमच्या खजिनदार ताईंच्या फोनवर यायचा आणि ऑर्डरी दुसऱ्या फोनवर. मुक्कामाच्या खोलीत आमच्या वाट्याला सॉकेट एकच. म्हणून निघताना बाजारातून १२० रुपयांचा दोन पोर्टचा चार्जर घेतला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ३.४ ॲम्पिअर लिहिलेलं, आम्ही खूश.

रात्री दोन्ही फोन लावून झोपलो. पहाटे उठून पाहतो तर चार्जर हात लावू देईना इतका तापलेला, प्लॅस्टिकचा वास येतोय आणि दोन्ही फोन अर्धेसुद्धा भरलेले नाहीत. दुपारी दोनला, ऐन गर्दीत, ताईंचा फोन बंद पडला. पुढचे दोन तास आम्ही विश्वासावर माल दिला. संध्याकाळी हिशेब केला तर ७४० रुपये कमी. कुणी फसवलं असं आम्ही म्हणत नाही. एखाद्याचं पेमेंट अडकलंही असेल. पण खात्री करून घ्यायला फोनच चालू नव्हता.

गावी परतल्यावर गटाच्या बैठकीत आम्ही सगळ्यांना घरचे चार्जर आणायला सांगितलं. नऊ चार्जर जमले. ते उलटे करून प्रत्येकाच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली. काही जणी म्हणाल्या, "आम्हाला कुठं इंग्रजी येतं?" पण तिथे वाचायचं असतं ते मुख्यतः आकड्यांचं. आणि आकडे तर आपल्या रोजच्या हिशेबाचे. ते कसे वाचायचे, तेच आज सांगतो.

पहिली ओळ असते इनपुटची, म्हणजे भिंतीतून आत येणाऱ्या विजेची. तिथे १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं हवं. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची, पण संध्याकाळी सगळीकडे दिवे-पंखे लागले की आपल्याकडे दाब खाली येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. १०० ते २४० चा चार्जर अशा कमी दाबावरही चालतो. प्रवासातही हीच ओळ कामाला येते. रेल्वेच्या बऱ्याच डब्यांत सॉकेटजवळ ११० व्होल्ट लिहिलेलं असतं, तिथेही तो चालतो. तुमची लेक दुबईला असेल आणि तिच्याकडे जायचं असेल, तर तिथल्या सॉकेटला तीन चौकोनी पिना लागतात. त्यासाठी पिन बदलणारा छोटा ॲडॉप्टर मिळतो. पण तो फक्त पिनेचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. दाब सांभाळायचं काम चार्जरचंच.

दुसरी ओळ आउटपुटची, म्हणजे फोनला मिळणाऱ्या विजेची. इथेच आमची फसगत झाली. इथे दोन आकडे असतात, व्होल्ट आणि ॲम्पिअर. टाकीच्या पाण्याचं उदाहरण घ्या. पाण्याला जो जोर असतो तो व्होल्ट आणि नळातून जी धार पडते ती ॲम्पिअर. दोन्हींचा गुणाकार केला की वॉट येतात. ५ व्होल्ट आणि १ ॲम्पिअर म्हणजे ५ वॉट. ५ व्होल्ट आणि २.४ ॲम्पिअर म्हणजे १२ वॉट. आजच्या बऱ्याच फोनची बॅटरी ५००० एमएएचची असते. ती ५ वॉटवर भरायला चार तासांहून जास्त वेळ लागतो, १० वॉटवर साधारण अडीच ते तीन तास. जिथे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, तिथे हा फरक मोठा आहे.

आता दोन पोर्टची गोम. खोक्यावरचा ३.४ हा आकडा बहुधा दोन्ही पोर्टची मिळून बेरीज असते. एका फोनने २.४ घेतले तर दुसऱ्याला उरतो १. म्हणून पाठीवर दोन गोष्टी शोधायच्या. प्रत्येक पोर्टला किती आणि दोन्ही मिळून, म्हणजे 'टोटल', किती. प्रत्येक पोर्टला २.४ आणि टोटल ४.८ असेल, तर दोन्ही फोन पूर्ण वेगाने भरतील. प्रत्येकी २.४ लिहून टोटलही २.४ च असेल, तर एका भाकरीचे दोन वाटे झाले. काही चार्जरवर एका पोर्टला २० वॉट लिहितात, पण दोन्ही पोर्ट वापरले की मिळून १५ च वॉट देतात. तेही पाठीवर लिहिलेलं असतं. आमच्या बाजारातल्या चार्जरवर तर खोक्यावर ३.४ आणि पाठीवर काहीच नाही. तो आकडा खरा होता की नुसता छापलेला, हे कळायला मार्गच नव्हता.

बैठकीत एक ताई म्हणाल्या, "जास्त ॲम्पिअरचा चार्जर लावला तर फोन जळतो म्हणे." तसं नसतं. टाकी कितीही मोठी असली तरी तांब्यात मावेल तेवढंच पाणी येतं. फोन त्याला हवी तेवढीच वीज ओढतो. सासूबाईंचा बटणांचा फोनही चांगल्या कंपनीच्या २.४ ॲम्पिअरच्या चार्जरवर बिनधास्त लावा. जलद चार्जिंगमध्ये ९ व्होल्ट वगैरे जास्त दाब असतो, पण फोन आणि चार्जरचं आपसांत जुळल्यावरच तो सोडला जातो. जुळलं नाही तर चार्जर ५ व्होल्टच देतो. त्यामुळे एका कंपनीचा जलद चार्जिंगचा फोन दुसऱ्या कंपनीच्या चार्जरवर सावकाश भरला, तर तो बिघाड समजू नका.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची, आणि हिला आम्ही सगळ्यांत वरचं स्थान देतो. चार्जरमध्ये एका बाजूला २३० व्होल्ट असतात आणि दुसऱ्या बाजूला ५ व्होल्ट. दोन्हींच्या मधे पक्की भिंत हवी. हलक्या मालात तिथेच काटकसर केलेली असते. चार्जिंगला लावलेल्या फोनची स्क्रीन आपोआप उड्या मारते, बोटाचं ऐकत नाही, फोनला हात लावला की झिणझिण्या येतात, अशा वेळी आधी चार्जरवर संशय घ्या.

यासाठी पाठीवर दोन खुणा पाहायच्या. एक म्हणजे चौकोनात चौकोन. तिचा अर्थ आत दुहेरी आवरण आहे, अर्थिंगच्या तिसऱ्या पिनेची गरज नाही. दुसरी खूण भारतीय मानक ब्यूरोची. तिच्याखाली इंग्रजी आर हे अक्षर, आडवी रेघ आणि पुढे आठ आकडे असतात. हा नोंदणी क्रमांक. मोबाईलच्या चार्जरला आपल्या देशात ही नोंदणी सक्तीची आहे. पण खूण काय, कुणीही छापेल. म्हणून तो क्रमांक तपासायचा. फोनमध्ये ब्यूरोचं 'बीआयएस केअर' हे ॲप घ्या, त्यात क्रमांक टाका. कोणत्या कंपनीचा कोणता माल आहे ते दिसतं. चार्जरवरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळलं पाहिजे. आमच्या नऊपैकी तीन चार्जरवर क्रमांकच नव्हता. ते त्याच दिवशी बाजूला काढले.

आता पोर्ट कोणते घ्यायचे? एक जुना चौकोनी, ज्याला टाइप-ए म्हणतात, आणि एक नवा लांबट गोल, टाइप-सी, असा घेतला तर घरातल्या जुन्या-नव्या दोन्ही केबल चालतात. केबलही पाहून घ्या. बारीक आणि लांबलचक केबलमध्ये वीज वाटेतच वाया जाते आणि चांगला चार्जरही मंद वाटतो. मीटरभर लांबीची, जरा जाड केबल बरी. चार्जर हातात घेऊन वजन आणि रुंदीही बघा. जड चार्जर सैल सॉकेटात लोंबतो, पिना हलतात, ठिणग्या पडतात. फार रुंद असला तर शेजारचं बटण झाकतो.

प्रवासाची आणखी एक गोष्ट. बस स्थानकात किंवा रेल्वे स्टेशनवर नुसती केबल लावायची सोय असते. तिथे फोन लावायचा मोह होतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये फसवणुकीच्या प्रकारांवर पुस्तिका काढली. त्यात अशा सार्वजनिक पोर्टमधून फोनमधली माहिती चोरली जाऊ शकते, असा इशारा आहे. ज्या फोनमध्ये गटाचं खातं आणि ओटीपी आहेत, तो अनोळखी पोर्टला जोडू नये. आपला चार्जर साध्या सॉकेटात लावावा, तिथून फक्त वीज येते. रेल्वेत रात्री काही गाड्यांत चार्जिंगचे सॉकेट बंद ठेवतात, तेव्हा फोन संध्याकाळीच भरून घ्या. त्या वेळी दोन पोर्टचा चार्जर असला, की सॉकेटसाठी वादही होत नाही.

घरात वापरताना चार्जर गादी-उशीजवळच्या बोर्डात नको, फोनही उशीखाली नको. उष्णता बाहेर जायला जागा हवी. विजा कडाडत असतील तर बटण बंद करून चार्जर काढूनच ठेवा. बटण चालू ठेवून केबलचं टोक खाली लोंबकळत सोडू नका, रांगतं पोर ते तोंडात घालतं. चार्जर थोडा कोमट होणं ठीक. हात ठेववत नाही इतका तापला, वास आला, फुगला, तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. बटण बंद करा आणि तो पुन्हा लावू नका.

आणि घेताना पक्कं बिल घ्या. त्यावर वॉरंटी किती महिन्यांची ते लिहून घ्या. दुकानदार बदलून देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

आमच्या गटाने नंतर साडेपाचशे रुपयांचा एक चार्जर घेतला. आधी कुरकुर झाली. "एवढे पैसे त्या ठोकळ्याला?" पण ७४० रुपयांचा तो दिवस सगळ्यांना आठवत होता. खरेदीला खजिनदार ताईच गेल्या. शिक्षण सातवी. आजवर फोनचं सगळं मुलगा बघायचा. दुकानदार खोका दाखवून भाव सांगू लागला. ताई म्हणाल्या, "दादा, खोका राहू द्या. चार्जर काढा आणि त्याची पाठ दाखवा." त्यांनी चष्मा लावला, टोटलचा आकडा वाचला, आर पुढचे आठ आकडे फोनमध्ये टाकून पाहिले आणि मगच पैसे दिले.

तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्री कामं आवरली की बटण बंद करा, घरातला चार्जर काढा आणि उलटा करून बघा. अक्षरं फार बारीक असतील तर फोनने फोटो काढून मोठा करा. आणि पुढच्या बैठकीला येताना तो सोबत आणा.