जावयाची उमेदवारी

राष्ट्रीयीकृत बँकेत अनेक वर्षे नोकरी केलेले एक अधिकारी. वरिष्ठांसमोर व्यवसाय-योजनेचे सादरीकरण करावयाचे आहे. परंतु संगणकाशी त्यांचे सख्य नाही. अशा वेळी मदतीस धावून येतो तो नेमका असा तरुण, ज्याला जावई करून घेण्याची त्यांची मुळीच इच्छा नाही! चेतन भगत यांच्या ‘टू स्टेट्स’ या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतील हा प्रसंग. आपल्यापैकी अनेकांना तो अगदी आपल्याच शाखेत घडल्यासारखा वाटेल.

अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत दिल्लीचा पंजाबी क्रिश आणि चेन्नईची तमिळ अनन्या एकमेकांच्या प्रेमात पडतात. दोघेही कमावते होतात. पळून जाऊन विवाह करणे त्यांना अवघड नाही. परंतु मांडवात दोन्ही घरची माणसे हसतमुखाने उभी असावीत, असा त्यांचा हट्ट आहे आणि साऱ्या विनोदाचे मूळ या हट्टात आहे. स्वतः भगत पंजाबी, पत्नी तमिळ व त्याच संस्थेतील सहाध्यायी. त्यामुळे कथेला अनुभवाचा स्पर्श आहे.

परदेशी बँकेत नोकरी लागताच क्रिश चेन्नईची शाखा मागून घेतो. येथून त्याची उमेदवारी सुरू होते. भेटवस्तू, गोड बोलणे, नमस्कार यांचा त्या घरावर काहीही परिणाम होत नाही. मग तो भल्या पहाटे अनन्याच्या धाकट्या भावाची शिकवणी घेतो. वडिलांचे सादरीकरण तयार करून देतो. आईचे दुःख मात्र निराळे. कर्नाटक संगीताची साधना करूनही गुरूंनी तिला नाकारले आहे. क्रिश तिला आपल्या बँकेच्या ग्राहकांसाठीच्या कार्यक्रमात व्यासपीठावर गायला उभे करतो. त्या घरात प्रत्येकाचे काहीतरी अडून राहिले होते आणि ते कोणीतरी लक्षपूर्वक पाहिले, एवढीच त्याच्या यशाची किल्ली. शेवटी तो केवळ अनन्याला नव्हे, तर चौघांनाही सोन्याच्या अंगठ्या देऊन मागणी घालतो.

सुनेची परीक्षा याहून कठीण. क्रिशला चेन्नईत महिनोन्महिने मिळाले. अनन्येच्या वाट्याला दिल्लीतील मोजके दिवस आणि पदोपदी टोमणे. एका नात्यातील लग्नात वरपक्ष मोटारीवरून अडून बसतो, तेव्हा सारे वडीलधारे हतबल असताना ही परकी मुलगीच नवरदेवाला सर्वांसमक्ष जाब विचारते आणि लग्न मार्गी लागते. पंजाबी आणि तमिळ स्वभावांची व्यंगचित्रे भगत यांनी जरा ठळकच रेखाटली आहेत. हा प्रसंग मात्र हसता हसता अंतर्मुख करतो.

अभिषेक वर्मन यांनी २०१४ साली या कादंबरीवर त्याच नावाचा हिंदी चित्रपट केला. अर्जुन कपूर आणि आलिया भट्ट ही नायक-नायिकेची जोडी. परंतु लक्षात राहतात त्या दोन माता: रेवती आणि अमृता सिंग.

कादंबरीत दोन्ही कुटुंबे गोव्यात एकत्र येतात आणि चेन्नईत कष्टाने जमवलेली सारी पुंजी त्या एका सहलीत खर्ची पडते. क्रिशच्या आईच्या वागण्याने दुखावलेले अनन्याचे आई-वडील माघार घेतात. अनन्याही मागे फिरते. क्रिशची हुशारी, पदवी, अंगठ्या, काहीच कामी येत नाही.

क्रिशचे आपल्या वडिलांशी फार पूर्वीच बिनसलेले असते. लष्करातून निवृत्त झालेला हा करारी गृहस्थ एके दिवशी मुलाला न सांगता चेन्नईस जातो आणि अनन्याच्या घरी बसून तिच्या आई-वडिलांची समजूत घालून येतो.