पाण्याचे मीटर काय सांगते?

गेल्या वैशाखात आमच्या अंगणातली जास्वंद फार टवटवीत होती. शेजारच्या झाडांनी माना टाकलेल्या, आणि ही मात्र हिरवीगार! आम्हांला तिचे कौतुक वाटले. मग पाणीपट्टीचे बिल आले, ते नेहमीच्या दुपटीहून जास्त. मी पहिला दोष दिला तो मीटर वाचून जाणाऱ्या माणसाला. जास्वंदीचा आणि बिलाचा काही संबंध असेल, हे माझ्यासारख्या एम. ए. झालेल्या माणसाच्या डोक्यात आले नाही. ते आमच्या आईच्या डोक्यात आले. "अरे, त्या झाडाला पाणी घालतं कोण?" तिने विचारले. घरात कोणीच घालत नव्हते.

नळ जमिनीखाली फुटला असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही. पण मीटरला दिसतो. मात्र मीटर वाचता आले पाहिजे. झाकण उघडून काच ओल्या फडक्याने पुसा. खिडकीत काळे आकडे दिसतील. ते झाले पूर्ण घनमीटर. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर, आणि बिलातले 'युनिट' बहुधा हेच. त्याखाली तांबड्या काट्यांच्या लहान लहान तबकड्या असतात. त्यांच्याजवळ ०.१, ०.०१, ०.००१, ०.०००१ असे लिहिलेले असते. ०.१ च्या तबकडीवरचे एक घर म्हणजे १०० लिटर, पुढच्या तबकडीवर १० लिटर, त्यापुढे १ लिटर. शेवटच्या तबकडीवर एक घर म्हणजे लिटरचा दहावा भाग. तिचा काटा पुरा एक फेरा फिरला की एक लिटर पाणी गेले. काही मीटरांत यांपैकी एकदोन तबकड्यांऐवजी तांबडे आकडेच असतात. याशिवाय मधोमध एक चिमुकले दातेरी चक्र असते. थोडेसे पाणी गेले तरी ते हलते, म्हणून आपली पहिली नजर त्याच्यावर.

आता परीक्षा कशी करायची, ते पाहू. कराडजवळच्या मलकापुरासारखे चोवीस तास मीटरचे पाणी असेल, तर ती केव्हाही करता येते. पण आपल्या बहुतेक गावांत पाणी तास-दोन तास येते, तेव्हा परीक्षा त्याच वेळात उरकायला हवी. पाणी आल्या आल्या मात्र मीटरजवळ जाऊ नका. नळीतली हवा फुसफुसत बाहेर पडते आणि तीसुद्धा काटा फिरवते. तोटीला सरळ अखंड धार लागली, की मग घरातल्या सगळ्या तोट्या बंद करा. टाकीत जाणारी चावीही बंद करा. ही हटकून विसरते, आणि टाकी भरत असली की माणूस उगाच घाबरतो. मग आकडे व काटे कागदावर उतरवून घ्या आणि अर्धा तास पाण्याला कोणी हात लावू नका. परत येऊन पाहा. काटा हलला असेल, तर पाणी कुठेतरी जात आहे.

काटा हलला नाही, तर गळती नाहीच, असे मात्र म्हणता येत नाही. फार बारीक झिरप मीटरला कळत नाही. शिवाय मीटरच बंद पडलेले असू शकते. त्यासाठी माप ठाऊक असलेली बादली भरा. पंधरा लिटर घेतल्यावर मीटरनेही पंधराच्या आसपास दाखवले पाहिजे.

समजा, अर्ध्या तासात ६ लिटर गेले. म्हणजे तासाला १२. चोवीस तास पाणी असेल तर दिवसाला २८८ लिटर! २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी मिळावे असे ठरवले आहे. त्या हिशेबाने पाच माणसांच्या वाट्याहून अधिक पाणी मातीत गेले. गुरुजींनी शाळेच्या मीटरवर हे गणित मुलांकडून जरूर करून घ्यावे. दशांश अपूर्णांक शिकवायला याहून चांगले साधन मला तरी ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, आमच्याकडे पाणी दोनच तास येते, म्हणजे गेले २४ लिटर. एवढे काय त्याचे? पण खरी काळजी तिथेच आहे. पाणी बंद झाले की नळीतला दाब जातो, आणि ज्या फटीतून पाणी बाहेर गेले त्याच फटीतून भोवतालचे पाणी आत ओढले जाऊ शकते. नळी गटाराशेजारून गेली असेल तर ते पाणी कसले, हे सांगायला नको. हगवण, कावीळ, विषमज्वर यांना वाट मिळते ती अशी. तेव्हा गळतीचा संशय आला, की दुरुस्ती होईपर्यंत पिण्याचे पाणी उकळूनच घ्या.

गळती नेमकी कुठे, हे शोधताना घराच्या भिंतीजवळची मुख्य चावी बंद करा. तरीही काटा फिरत राहिला, तर दोष मीटर आणि ती चावी यांच्या मधल्या नळीत. काटा थांबला, तर घरात. लोखंडी नळीला लाकडी दांड्याचे एक टोक टेकवून दुसरे कानाशी धरले, तर शांत वेळी सुंई असा आवाजही येतो. टाकीपुढची गळती या परीक्षेत सापडत नाही. त्यासाठी रात्री टाकीतल्या पाण्याच्या पातळीशी खूण करायची आणि सकाळी पाहायची. फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास थांबा. पाणी न सोडता खाली रंग उतरला, तर आतला वायसर गेला. आणि मीटरच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला नळी फुटली असेल, तर मीटरला ते कळणारच नाही. तिथली ओल दिसली की ग्रामपंचायतीला कळवा.

आमच्याकडे भिंतीजवळची चावी बंद केली तरी चक्र फिरतच होते. जास्वंदीच्या बुंध्याशी दोन हात खणल्यावर गंजलेला जोड सापडला. नवा बसवला आणि कारागिराने घाईघाईने माती लोटली. दुसऱ्या दिवशी पाणी आले, तर चक्र पुन्हा फिरताना दिसले! जोड नीट आवळलाच नव्हता. सगळा खड्डा परत उकरावा लागला. म्हणून दुरुस्तीनंतर एकदा पाणी येऊ द्या, काटा पाहा, आणि मगच खड्डा बुजवा.