गुडघा ‘साफ’ करायला सांगितलाय? सही करण्याआधी हे वाचा

“गुडघ्यात कचरा साचलाय, दुर्बिणीने साफ करून घ्या,” असं कोणी सांगितलं की घरात दोनच प्रश्न उभे राहतात : पैसे कुठून आणायचे आणि कामाचे किती खाडे पडणार? आपल्या वस्त्यांमध्ये उकिडवं बसून फरशी पुसणाऱ्या, डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या, दिवसभर जिने चढून धुणीभांडी करणाऱ्या बायका घरोघरी आहेत. पन्नाशीच्या आसपास त्यांचे गुडघे बोलायला लागतात. म्हणून ‘साफ करणं’ म्हणजे आत काय करतात, कोणत्या हत्यारांनी करतात आणि ते कोणाच्या उपयोगाचं, हे ऑपरेशन थिएटरमध्ये ती हत्यारं हाताळलेल्या आम्ही परिचारिका सांगत आहोत.

आधी कूर्चा म्हणजे काय ते पाहू. कोंबडीची तंगडी खाताना हाडाच्या टोकावर पांढरा, चकचकीत, गुळगुळीत थर दिसतो. तीच कूर्चा. आपल्या गुडघ्यात हा थर जेमतेम काही मिलिमीटर जाड असतो. शिवाय दोन हाडांच्या मध्ये अर्धचंद्रासारख्या दोन चकत्या असतात. त्यांना आपण ‘गादी’ म्हणतो. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, नसाही नसतात. त्यामुळे ती झिजायला लागते तेव्हा सुरुवातीला कळत नाही आणि एकदा गेली की पहिल्यासारखी भरून येत नाही. विल्यम हंटर या लंडनच्या वैद्याने ही गोष्ट १७४३ मध्येच नोंदवून ठेवली आहे.

आता हत्यारं. ‘क्युरेट’ म्हणजे लांब दांडीचा छोटा चमचा, पण त्याची कड धारदार असते. त्याने कूर्चा खरवडून काढतात. ‘रोंजर’ पकडीसारखा असतो. त्याचे खोलगट जबडे तुकडा कुरतडून बाहेर काढतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी ‘पंच’ असतो. त्याची दांडी बारीक, टोकाला चिमुकला जबडा. मूठ दाबली की फाटलेला भाग कापला जातो. ‘ऑल’ म्हणजे चामडं शिवायच्या आरीसारखा टोकदार टोचा. याशिवाय मोटरवर फिरणारं ‘शेव्हर’ असतं. ते कापतं आणि कापलेलं ओढूनही घेतं.

ही हत्यारं वाईट नाहीत. योग्य जागी ती फार मोलाची आहेत. पडून, मुरगळून गादी फाटली आणि तिचा तुकडा मध्ये अडकल्याने गुडघा सरळच होत नसेल, तर तो तुकडा काढावा किंवा गादी शिवावी लागते. तरुण माणसाच्या कूर्चेला मार लागून छोटा खड्डा पडला, तर क्युरेटने त्याच्या सैल कडा काढतात. मग ऑलने हाडाला तीन-चार मिलिमीटरच्या अंतराने भोकं पाडतात. आतल्या मगजातून रक्त येऊन गोठतं आणि खड्ड्यात नवा थर धरतो. तो मूळ कूर्चेइतका टिकाऊ मात्र नसतो. घोट्याचा किंवा बोटाचा पार खराब झालेला सांधा कायमचा जोडायचा असेल, तर उरलीसुरली कूर्चा पूर्ण खरवडावीच लागते. ती मध्ये असेपर्यंत हाडाला हाड जुळत नाही. आणि सांध्यात पू झाला असेल, तर तो तातडीने धुवावा लागतो. तिथे चालढकल करू नये.

पण वयाने आणि कष्टाने झिजलेल्या गुडघ्याचं काय? यावर अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात एक मोठा अभ्यास झाला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. झिजलेल्या गुडघ्याच्या १८० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचा गुडघा दुर्बिणीने खरवडून साफ केला, दुसऱ्याचा नुसता धुतला, तिसऱ्याच्या फक्त कातडीवर छेद देऊन टाके घातले. कोणाचं काय केलं हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. दोन वर्षं पाहिलं, तर खरवडलेले आणि धुतलेले गुडघे नुसत्या छेद दिलेल्या गुडघ्यांपेक्षा बरे नव्हते. पुढे २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने स्पष्ट शिफारस केली, की झिजेच्या गुडघेदुखीसाठी दुर्बिणीचं ऑपरेशन जवळजवळ कोणावरच करू नये.

कारण साधं आहे. झीज म्हणजे साचलेला कचरा नव्हे. त्यात हाड, सांध्याचं अस्तर, भोवतालचे स्नायू असा सगळा सांधाच बिघडलेला असतो. वरचे धागे छाटून गेलेली कूर्चा परत येत नाही.

मग करायचं काय? मांडीचे स्नायू बळकट करा. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबून पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. वजन जास्त असेल तर कमी करा. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो. फरशी लांब दांड्याच्या पोछ्याने पुसा, आणि कामाच्या घरी तो हक्काने मागा. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरा, त्यात लाज कसली? दुखण्याच्या गोळ्या दुकानातून आणून रोज खाऊ नका. पोटाला आणि मूत्रपिंडाला धोका असतो.

एवढं करूनही चालणं, झोपणं अशक्य झालं, तर सांधा बदलण्याचा विचार करावा लागतो. सांध्याच्या किमतीवर सरकारने २०१७ पासून मर्यादा घातली आहे, म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

संमतीपत्रावर सही किंवा अंगठा देण्याआधी हे प्रश्न विचारा :

– माझं दुखणं झिजेचं आहे की दुखापतीचं?
– आतून नेमकं काय काढणार? त्याने काय सुधारेल?
– ऑपरेशन केलं नाही तर काय होईल?
– व्यायाम करून तीन महिने थांबलं तर चालेल का?
– एकूण खर्च किती? कामावर कधी जाता येईल?

उत्तरं आपल्याला कळतील अशा भाषेत मिळणं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं, आपले कागद मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावायची असते. ती वाचा. वाचता येत नसेल तर शिकलेल्या लेकीला, नातवाला सोबत न्या.

मात्र गुडघा एकाएकी अडकला, लाल-गरम होऊन सुजला आणि ताप आला, किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.