ज्या गिअरला चढायचं, त्याच गिअरला उतरायचं

माणदेशातल्या एका घरात भिंतीवर ट्रक ड्रायव्हर अण्णांचा फोटो आहे. त्यातही उजवा हात डाव्यापेक्षा काळा दिसतो. जन्मभर खिडकीतून ऊन त्याच हातावर आलं.

अण्णांची पिढी टाटा-मर्सिडीजवर शिकली. टेल्कोने १९५४ साली डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. १९६९ मध्ये करार संपला आणि ट्रकच्या तोंडावरचा मर्सिडीजचा तारा गेला. कंपनीचा इतिहास इथे एवढा पुरे, कारण खरी गंमत गिअरबॉक्सची आहे.

त्या काळच्या बऱ्याच ट्रकना सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नसे. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून दांडा न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला नेमका झटका द्यायचा, मग पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. झटका कमी पडला की दाते करकरतात आणि गिअर पडतच नाही. खंडाळ्याच्या उतारावर हे झालं तर भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर राहते. लायनर जळाल्याचा वास येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून अण्णा ज्या गिअरला घाट चढत, त्याच गिअरला उतरत. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यांचा त्यांना भारी राग. वाचलेलं डिझेल मालकाचं, मागे राहतील ती पोरं आपली, असा त्यांचा हिशेब. तरीही जुन्या घाटात शिंगरोबाच्या देवळापुढे नाणं टाकल्याशिवाय ते पुढे जात नसत.

घर पगारापेक्षा भत्त्यावर चालायचं. खेपेच्या भत्त्यातून खाणंपिणं वजा जाता उरेल ते, गावाकडे निघालेल्या एखाद्या ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठीसह घरी जाई. लेकीला वडील आठवतात ते भरदुपारी ओसरीवर झोपलेले, आणि आवाज करू नका म्हणून दटावणारी आई. कोण कितवीत आहे हे अण्णांना सांगता येत नसे, पण फी कधी थकली नाही.

मुलाला मात्र त्यांनी हेवी लायसन्स काढू दिलं नाही, कारण या कामाच्या तासांना हिशेब नव्हता. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम असं लिहिलं होतं. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता. दोन-चार गाड्यांच्या मालकाकडे त्याचं नाव कोण काढणार? रात्री समोरच्या गाडीचा लाईट फाटून दिसू लागला, तेव्हा अण्णा निवृत्त झाले. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही.

ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. चांगलंच झालं, पण फार उशिरा. आणि त्रास फक्त उन्हाचा नाही. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी देशभर गाड्या उभ्या केल्या, त्या जीवघेण्या अपघातानंतर न कळवता पळणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कैद सांगणाऱ्या, नव्या भारतीय न्याय संहितेतल्या कलमावरून. थांबलं तर जमाव मारतो, पळालं तर तुरुंग, ही त्यांची अडचण. जुलै २०२४ मध्ये ही संहिता लागू झाली ती तेवढं कलम बाजूला ठेवून.

आता मालकांची तक्रार, की भरवशाचा ड्रायव्हर मिळत नाही, गाड्या दारात उभ्या राहतात. मिळणार कुठून? परवडत नाही म्हणून अनेकांनी क्लीनर ठेवणंच बंद केलं. अण्णा दांडा टाकायला शिकले ते क्लीनरच्याच जागेवर बसून.