होडी तीच, रोजी नवी

बारामती-इंदापूरकडच्या वाचकांना भिगवणचा मासळी बाजार ठाऊकच आहे. १९८० साली उजनी धरण झाले आणि भीमेच्या फुगवट्यावर अनेक घरे मासेमारीवर जगू लागली. आता कुंभारगाव, डिकसळचे काही मच्छीमार हिवाळ्यात त्याच होडीतून पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवतात. पाणी कुठे उथळ, गाळ कुठे, हे चिलापी पकडतानाच कळलेले! कॅनडातल्या न्यूफाउंडलँडचे मच्छीमार न्यूयॉर्कला जाऊन उंच इमारतींचे पोलादी सांगाडे उभारू लागले, तेव्हा त्यांनाही दोरखंडांची सवय अशीच कामी आली. पण त्यांना घर सोडावे लागले. इथे अडचण वेगळी: रोहित उथळ पाण्यातच चरतो. धरण तुडुंब राहिले की पक्षी उशिरा येतात, होडी रिकामी राहते. म्हणून मासेमारी सुटलेली नाही.