दोष कुणाचा आणि तो कसा ठरवायचा?
पॅलेस्टाईनच्या वादासंबंधी काही विचार

पॅलेस्टाईनचा विषय निघाला की चळवळीतील माणसांच्या बैठकीतही दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ज्यू हे युरोपचे बहिष्कृत. गेट्टो हा शब्दच मुळी त्यांच्या वाट्याला आलेला. १५१६ साली व्हेनिस शहराने ज्यूंसाठी वेगळी, रात्री दरवाजे बंद होणारी वस्ती आखून दिली, तिचे ते नाव. बाबासाहेबांनी अस्पृश्यांना भारतातील गेट्टोची मुले म्हटले ते उगाच नव्हे. तेव्हा आपली सहानुभूती इस्रायलकडे. दुसरा तट म्हणतो, ज्याचे गाव गेले, शेत गेले, ज्याला आपल्याच मुलखात चौकीवर कागद दाखवून पुढे जावे लागते, तो पॅलेस्टिनी आज गावकुसाबाहेरचा. तेव्हा आपली जागा त्याच्या शेजारी. दोन्ही म्हणणी मनापासून केलेली असतात आणि दोन्हींत तथ्य आहे. परंतु दोन्हींत एक घोटाळाही आहे. साम्य दिसले की बाजू ठरते, आणि बाजू ठरली की सगळा पुरावा तिच्यामागे फरफटत जातो. म्हणून, कोणती बाजू घ्यावी हे सांगण्याआधी दोष ठरवताना माणूस कसा घसरतो हे पाहणे अधिक आवश्यक आहे.

पहिली घसरण होते ती आरंभाच्या ठिकाणी. कहाणी कोठून सुरू करायची हे ज्याने ठरवले, त्याने अर्धा निकाल आधीच दिलेला असतो. १८८१ नंतर रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर जमावाचे हल्ले झाले, तेथून आरंभ केला तर पॅलेस्टाईनकडे निघालेला ज्यू हा जीव वाचवून पळणारा माणूस दिसतो. १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यापासून आरंभ केला तर तोच माणूस साम्राज्याच्या परवान्यावर आलेला वसाहतवादी दिसतो. १५ मे १९४८ पासून मोजले तर शेजारच्या अरब राष्ट्रांच्या फौजा नव्या राष्ट्रावर चालून आल्या, एवढेच दिसते. त्याच्या महिनाभर आधी, ९ एप्रिलला, देर यासीन या गावात शंभराहून अधिक अरब मारले गेले, तेथून मोजले तर चित्र फिरते. आणि १३ एप्रिलला जेरुसलेममधील हदासा इस्पितळाकडे जाणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांच्या ताफ्यावर हल्ला होऊन सत्तरांहून अधिक ज्यू मारले गेले, तेथून मोजले तर ते पुन्हा फिरते. २०२३ च्या ७ ऑक्टोबरपासून मोजणारा आणि १९६७ पासून मोजणारा एकमेकांशी बोलत असतात, असा नुसता भास होतो. वस्तुतः दोघे दोन वेगवेगळ्या पुस्तकांची पाने वाचत असतात.

म्हणून आरंभ एकच धरू नये. दोन दुःखे दोन वेगळ्या मुलखांत जन्मली, हे आधी मान्य करावे. ज्यूद्वेष युरोपने पोसला. साठ लाख ज्यूंची कत्तल नाझी जर्मनीने केली. त्या वेळी अनेक सुधारलेल्या देशांनी आपले दरवाजे बंद ठेवले, आणि ब्रिटनने १९३९ च्या श्वेतपत्रिकेने पॅलेस्टाईनमधील ज्यूंचा प्रवेशही पाच वर्षांत ७५ हजारांवर आणला. या पापात नाब्लसच्या शेतकऱ्याचा हात नव्हता. पण त्याची मोठी किंमत त्याने मोजली. हा हिशेब मांडताना इस्रायल आणि पॅलेस्टिनी या दोघांचीच नावे घेतली, की लंडन आणि बर्लिन आपोआप निर्दोष सुटतात. दोघांच्या भांडणात तिसरा कोठे उभा होता हे विचारणे म्हणूनच अगत्याचे.

दुसरी घसरण शब्दांची. बाल्फोर जाहीरनामा म्हणजे एक छोटेसे पत्र. त्यात ज्यूंना 'राष्ट्रीय निवासस्थान' देऊ केले आहे. उरलेल्यांचा उल्लेख तेथील 'ज्यूतर समाज' असा आहे. त्या वेळी हे ज्यूतर किती होते? १९२२ च्या जनगणनेत साडेसात लाखांवर लोकसंख्या भरली, तीत ज्यू सुमारे ८४ हजार. म्हणजे दहांतल्या जवळजवळ नऊ जणांना त्या पत्राने नावसुद्धा दिले नाही. दुसरा कोण नाही, एवढ्यावरच त्यांची ओळख भागवली. त्यांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांचे आश्वासन दिले, राजकीय हक्कांचा शब्द काढला नाही. ज्यांना इतरांनी ठेवलेल्या नावाने पिढ्यान् पिढ्या जगावे लागले, त्यांना यातला अर्थ फोड करून सांगायला नको.

१९६७ च्या युद्धानंतर सुरक्षा समितीने २४२ क्रमांकाचा ठराव केला. इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, असे तो सांगतो. पण सगळ्या प्रदेशांतून की काही प्रदेशांतून? इंग्रजी मसुद्यात त्या शब्दाआधी निश्चितता दाखवणारे उपपद नाही. फ्रेंच मसुद्यात आहे. एका उपपदावर दोन पक्षांनी अर्धशतकाहून अधिक काळ वाद घातला आहे. आजही 'व्याप्त' प्रदेश म्हणायचे की 'वादग्रस्त', भिंत म्हणायची की कुंपण, दहशतवादी म्हणायचे की लढवय्ये, यावरून बोलणाऱ्याचा पक्ष कळतो. क्रियापदेही पाहावीत. एका बाजूची माणसे 'मारली जातात', दुसऱ्या बाजूची नुसतीच 'मरण पावतात', आणि मारणारा कर्ता वाक्यातून नाहीसा होतो. वस्तीवर हल्ला झाला की दुसऱ्या दिवशी 'दोन गटांत हाणामारी' अशी बातमी वाचण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी तरी ही लबाडी चटकन ओळखावी.

तिसरी घसरण अशी, की एकाचे दुःख मानले म्हणजे दुसऱ्याचे नाकारावेच लागते, असा समज. १९४८ च्या सुमारास सुमारे सात लाख पॅलेस्टिनी आपल्या घरांतून गेले आणि चारशेहून अधिक गावे ओस पडली. पॅलेस्टिनी त्याला 'नकबा', म्हणजे महासंकट, म्हणतात. ते आपल्या नेत्यांच्या सांगण्यावरून निघून गेले, असे इस्रायलमध्ये बरीच वर्षे शिकवले गेले. पॅलेस्टिनी इतिहासकार वालिद खालिदी यांच्यासारखे अभ्यासक हे नाकारत आले होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बेनी मॉरिस आदी इस्रायली इतिहासकारांनी आपल्याच सरकारचे दप्तर उघडून पाहिले, आणि हल्ल्यांची भीती, लढाईची धामधूम व काही ठिकाणी, उदाहरणार्थ लिद्दा व रामले येथे, सरळ हाकलून देण्याचे हुकूम, अशी कारणे पुढे आली. पॅलेस्टिनी सांगत होता तोवर ती कैफियत होती. इस्रायली दप्तराने सांगितले तेव्हा तिचा इतिहास झाला. साक्षीदार कोण आहे यावर सत्याची किंमत ठरावी, हाही पक्षपातच.

पण त्याच पिढीत इराक, येमेन, मोरोक्को, इजिप्त अशा देशांतून सुमारे आठ लाख ज्यूंना, कोठे छळामुळे, कोठे भीतीमुळे, कोठे नव्या राष्ट्राच्या ओढीने, आपली जुनी घरे सोडावी लागली, हेही खरे आहे. पॅलेस्टिनींचे कैवारी याविषयी फारसे बोलत नाहीत. आणि इस्रायलचे कैवारी बोलतात ते बहुधा पहिला हिशेब फेडून टाकण्यासाठी. बगदादच्या ज्यूचे घर गेले त्याची भरपाई याफाच्या अरबाचे घर घेऊन कशी होणार?

जेरुसलेममध्ये मुसरारा नावाचा मोहल्ला आहे. १९४८ पर्यंत तेथे सुखवस्तू पॅलेस्टिनी अरब राहत. युद्धात ते गेले आणि परत येऊ शकले नाहीत. त्यांच्या रिकाम्या घरांत मोरोक्को वगैरे देशांतून आलेली गरीब ज्यू कुटुंबे दाटीवाटीने भरली गेली. युरोपातून आलेल्या ज्यूंच्या हाती सत्ता, नोकऱ्या आणि प्रतिष्ठा. यांच्या वाट्याला बेकारी, अपुरे शिक्षण आणि पोलिसांचा दंडुका. १९७१ साली याच मुसरारातील तरुणांनी अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्यावरून नाव घेऊन 'ब्लॅक पँथर्स' ही संघटना काढली. पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तीही त्याच नावाच्या प्रेरणेने. पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी त्या तरुणांची भेट घेतली आणि ही काही चांगली मुले नव्हेत, असा अभिप्राय दिला. आपल्या कोकणातून गेलेल्या बेने इस्रायलींचा अनुभवही याच जातीचा. अलिबाग-पेणकडे 'शनवार तेली' म्हणून ओळखला जाणारा हा मराठी बोलणारा समाज पितृभूमी म्हणून तेथे गेला, आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यूपणाची, पूर्वजांच्या शुद्धतेची चौकशी लावली. त्यांनी निदर्शने केली, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर करावे लागले.

मुसरारातील त्या पँथरला कोणत्या रकान्यात घालायचे? तो एका परागंदा माणसाच्या घरात राहतो, म्हणून अन्यायाचा लाभधारक आहे. तो स्वतः परागंदा आणि आपल्याच राष्ट्रात हिणवलेला आहे, म्हणून अन्यायाचा बळीही आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. 'इस्रायली' असा एकच शब्द उच्चारून जो निकाल देतो, त्याला हा माणूस दिसतच नाही.

येथे आपण मुख्य मुद्द्याशी येतो. दोष कृत्याला आणि कर्त्याला लागतो, जन्माला लागत नाही. हेब्रॉनमध्ये १९२९ साली अरब जमावाने ६७ ज्यूंची हत्या केली. त्याच दिवशी त्याच गावातील काही अरब कुटुंबांनी शेकडो ज्यूंना आपल्या घरात लपवून वाचवले. जेरुसलेमचे मुफ्ती हाज अमीन अल-हुसैनी १९४१ मध्ये बर्लिनला जाऊन हिटलरला भेटले. पण त्या युद्धात हजारो पॅलेस्टिनी अरब हिटलरविरुद्ध ब्रिटिश सैन्यात भरती झाले होते. १९५६ मध्ये कफर कासिम गावी, संचारबंदीची वेळ ठाऊक नसल्याने शेतावरून उशिरा परतणाऱ्या सुमारे पन्नास अरब नागरिकांना इस्रायली सीमा पोलिसांनी गोळ्या घातल्या. तोच हुकूम शेजारच्या गावांतील तुकड्यांनाही होता, आणि तेथील अधिकाऱ्यांनी तो तसा अमलात आणला नाही. हुकूम एक, गणवेश एक, धर्म एक. फरक पडला तो माणसाच्या निर्णयाने. इस्रायली न्यायालयाने असा उघड बेकायदा हुकूम पाळणे हाच गुन्हा ठरवला, ही गोष्ट मोठीच. शिक्षा झालेले मात्र काही वर्षांतच सुटले, हेही नोंदवले पाहिजे.

ज्यू म्हणून दोषी किंवा अरब म्हणून दोषी, असे म्हणणे म्हणजे रक्तावरून पाप ठरवणे. ही विचारसरणी आपल्या चांगल्या परिचयाची आहे. आपल्यावर चालते तेव्हा तिला आपण जातीयता म्हणतो. दुसऱ्यावर चालवताना तिला क्रांतिकारक म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मग काय, दोघेही सारखेच? असे म्हणून हात झटकणे ही शेवटची आणि सर्वांत सोयीची घसरण. कृत्याचा न्याय करताना कर्त्याच्या हातातील सत्ता मोजावीच लागते. १९६७ पासून वेस्ट बँकवर लष्करी अंमल आहे. तेथील पॅलेस्टिनींना लष्करी कायदा आणि शेजारच्याच इस्रायली वसाहतींतील माणसांना नागरी कायदा, असा दुहेरी न्याय चालत आला आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिलेल्या सल्लात्मक मतात हा कब्जा बेकायदा ठरवला. राष्ट्र, फौज आणि विमाने ज्याच्याजवळ आहेत त्याची जबाबदारी, यांपैकी काहीच नसलेल्यापेक्षा मोठी असते. परंतु दुबळ्याची जबाबदारी शून्य होत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमास आणि तिच्या साथीदारांनी सुमारे १,२०० माणसे मारली, त्यांत बहुसंख्य नागरिक होते, आणि सुमारे २५० जणांना ओलीस नेले. कोणत्याही पूर्वदुःखाने हे कृत्य धुऊन निघत नाही. त्यानंतर गाझात जे झाले, तेही या कृत्याने धुऊन निघत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धविराम झाला तेव्हा गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या गणनेनुसार मृतांचा आकडा ६७ हजारांवर गेला होता, आणि त्यांत हजारो मुले होती. ही गणना लढणारे आणि न लढणारे असा भेद करीत नाही, हा आक्षेप खरा. पण त्या आक्षेपाने ती मुले लढवय्ये ठरत नाहीत.

आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अटकेची वॉरंटे काढली. त्यांवर नावे होती इस्रायलचे पंतप्रधान बिन्यामिन नेतान्याहू, माजी संरक्षणमंत्री योआव गॅलंट आणि हमासचा लष्करी प्रमुख मोहम्मद देईफ यांची. देईफ त्याआधीच मारला गेल्याचे पुढे स्पष्ट झाले. या वॉरंटांवर पक्षपाताचा आरोपही झाला. आरोप सिद्ध होणे ही वेगळी गोष्ट. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या कागदावर ज्यू असे लिहिलेले नव्हते, मुसलमान असेही नव्हते. माणसांची नावे होती आणि नावापुढे कृत्ये होती.

आपल्या अभ्यासवर्गांत हा विषय पुन्हा निघेल. तेव्हा आपण एवढे करावे. कोणत्या तारखेपासून बोलतो आहोत ते आधी सांगावे. मारणाऱ्याचे नाव वाक्यातून गाळू नये. ज्या मापाने गाझातले मूल मोजतो त्याच मापाने किबुत्झमधले मूल मोजावे. सत्ता कुणाच्या हाती आहे हे विसरू नये, आणि सत्ता नसलेल्यालाही माणूस म्हणून जाब विचारावा. कारण जाब न विचारणे हीसुद्धा त्याला कमी माणूस मानण्याची एक रीत आहे. असे केल्याने आपण तटस्थ होणार नाही. आपण अन्यायाविरुद्धच असू. फक्त त्या अन्यायाचा पत्ता लिहिताना जात लिहिणार नाही.